फ्रीझर, कुर्बानीचे गोश्त आणि आपले छोटे घर

ईद-उल-अज़हा जवळ आली की आपल्या घरांत एक चर्चा हमखास निघते. यंदा फ्रीझर घ्यायचा की नाही? फ्रिजचा वरचा कप्पा दुपारीच भरून जातो, संध्याकाळी नातेवाइकांकडचे हिस्से येतात आणि उरलेल्या पिशव्या घेऊन कुणी खालाकडे जाते, तर कुणी मजल्यावरच्या भाभींना विचारते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतली आपली बरीच घरे एका नाहीतर दोन खोल्यांची आहेत. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. अशा घरात जे यंत्र येते ते वर्षानुवर्षे जमीन अडवून बसते आणि चोवीस तास वीज घेते. म्हणून घेण्यापूर्वी काय पाहावे, कुठे ठेवावे, कसे वापरावे आणि कसे सांभाळावे, हे आम्ही या लेखात क्रमाने मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. ज्या दिवसासाठी आपण फ्रीझर घेतो, नेमकी त्याच दिवशी त्याची ताकद कमी पडते.

गार ठेवणे वेगळे, गोठवणे वेगळे

फ्रीझरचे दोन धंदे आहेत. आधीच गोठलेली वस्तू तशीच ठेवणे हा सोपा धंदा. ताज्या, कोमट वस्तूतली उष्णता ओढून तिला उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत नेणे हा अवघड धंदा. दाराआड जागा कितीही असली तरी कॉम्प्रेसर एका दिवसात ठरावीकच उष्णता बाहेर टाकू शकतो.

याचा एक ढोबळ हिशेब आहे. फ्रीझरच्या दर २८ लिटर जागेमागे चोवीस तासांत एक किलो, फार तर सव्वा किलो ताजे अन्न गोठायला घालावे. म्हणजे १०० लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला साडेतीन ते साडेचार किलो. त्यात जागा म्हणाल तर पंचवीस-तीस किलो गोश्त सहज मावते, आणि घोटाळा तिथेच होतो. ईदच्या दुपारी आपण वीस किलो गोश्त मोठ्या पिशव्यांत कोंबून दार लावतो. बाहेरचा थर दगडासारखा होतो, पण मधला गोळा रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत कोमटच राहतो. अन्न खराब करणारे जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. पुढे तो गोळाही गोठतो, पण गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. महिन्याभराने पिशवी सोडवली की वास येतो आणि आपण दोष यंत्राला देतो.

हळू गोठण्याचा दुसरा तोटा चवीचा. सावकाश गोठताना गोश्तातल्या पाण्याचे मोठमोठे स्फटिक होतात आणि ते तंतू फाडतात. मग सोडवताना लाल पाणी वाहून जाते आणि गोश्त कोरडे लागते. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१२ ते १९१५ या काळात कॅनडाच्या लाब्राडोर भागात राहत होता. तिथले लोक मासा पकडताच कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठवतात आणि महिन्यांनी शिजवला तरी तो ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिले. आजचा गोठवलेल्या अन्नाचा व्यापार त्या निरीक्षणावर उभा आहे. आपल्या घरी तशी थंडी नाही, पण पातळ पुडी करणे आपल्या हातात आहे. पातळ पुडी लवकर गोठते.

आता हाच हिशेब कुर्बानीला लावून पाहा. पस्तीस किलो वजनाच्या बोकडातून साधारण पंधरा-सतरा किलो गोश्त निघते. एक हिस्सा गरजूंचा, एक नातेवाईक व शेजाऱ्यांचा, एक घरचा, या चालत आलेल्या रीतीने घरचा हिस्सा पाच-साडेपाच किलोंचा होतो. त्यातले किलोभर त्याच दिवशी चुलीवर चढते. उरतात चार-साडेचार किलो. शंभर लिटरचा छोटा फ्रीझर एका दिवसात नीट गोठवू शकतो ते जवळपास एवढेच. हिस्से आधी बाहेर पडले तर लहान यंत्र पुरते. ते घरातच थांबले तर मोठेही पुरत नाही.

साठवण आणि वाटप

कुर्बानीचे गोश्त साठवण्याचा प्रश्न फ्रीझरइतका नवा नाही. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील हदीसांमध्ये त्याचा उल्लेख येतो. एका वर्षी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवू नये असे सांगितले. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, तेव्हा खाण्याची, खाऊ घालण्याची आणि साठवण्याचीही मोकळीक दिली. आदल्या वर्षी लोक अडचणीत होते आणि त्यांना मदत पोहोचावी म्हणून ती मनाई होती, हे कारणही त्यांनी स्पष्ट केले. साठवणे जायज आहेच. पण शेजारी अडचणीत असताना साठवणीने मागे सरावे, हेही त्यात आहे.

त्या काळी साठवण म्हणजे वाळवण. ज़िलहिज्जाच्या ११, १२ व १३ तारखांना अय्याम-ए-तशरीक म्हणतात. गोश्ताच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवण्यावरून हे नाव पडले, असे अनेक आलिमांनी लिहिले आहे. आपल्या मराठवाड्यातही गोश्ताच्या पट्ट्या मीठ-हळद लावून वाळवत, त्यांना चान्या म्हणतात. मुंबईत मे-जूनच्या दमट हवेत आणि चाळीच्या गॅलरीत ते जमणारे नाही, म्हणून आपण वीज वापरतो.

गोठवण्याचा कुर्बानीसाठी सर्वांत मोठा वापर मात्र कुठल्याही घरात होत नाही. हजच्या दिवसांत मिना येथे लाखो जनावरांची कुर्बानी होते. पूर्वी तिथले पुष्कळ गोश्त उन्हात वाया जाई आणि पुरून टाकावे लागे. १९८३ पासून इस्लामी विकास बँकेच्या देखरेखीखाली एक योजना सुरू झाली. आधुनिक कत्तलखाने व शीतगृहे उभारून ते गोश्त गोठवायचे आणि मक्केतल्या गरजूंना व अनेक गरीब देशांना पाठवायचे. तिथे फ्रीझर आला तो दूरच्या भुकेल्यापर्यंत गोश्त पोहोचावे म्हणून. घरचा फ्रीझर घेतानाही हा वापर डोळ्यांसमोर असावा. त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे.

घ्यायचा तर कोणता?

लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका शेडमध्ये १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे बनवायला सुरुवात केली. त्याच कंपनीने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला घेतले. त्या काळी फ्रिज ही श्रीमंतांची वस्तू होती. आज निवड इतकी आहे की गोंधळ होतो, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आकार. वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीझर आणि कपाटासारखा उभा फ्रीझर असे दोन प्रकार असतात. थंड हवा जड असते. पेटीचे झाकण उघडले तरी ती आतच राहते, उभ्याचे दार उघडले की पायावर सांडते. म्हणून पेटीला वीज कमी लागते आणि वीज गेल्यावर गारवा जास्त टिकतो. पण पेटीच्या डोक्यावर मोकळी जागा लागते. ती माळ्याच्या फळीखाली किंवा ओट्याखाली ठेवली तर झाकण उघडणारच नाही. शिवाय तळाची पुडी काढायला वरचे सगळे उपसावे लागते, त्यामुळे दादी-नानींच्या कमरेचा विचार करावा. उभा फ्रीझर जमीन कमी अडवतो आणि कप्पे असल्याने वस्तू चटकन सापडते.

दुसरी, तारे. दुकानात दिसणारे रंगीत पट्टीवरचे तारे विजेच्या बचतीचे असतात. थंडाव्याचे तारे वेगळे. ते यंत्राच्या आत किंवा माहितीपुस्तिकेत हिमफुलासारख्या चिन्हांनी दाखवतात. एक चिन्ह म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथे मोठे चिन्ह असेल तरच ते यंत्र ताजे अन्न नीट गोठवण्यासाठी बनवलेले आहे. आपल्या एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा बहुधा उणे १८ पर्यंत जात नाही. त्यात गोश्त काही आठवडे ठेवावे, महिनोन्‌महिने नाही.

तिसरी, हवामान. पुस्तिकेत हवामानाचा वर्ग दिलेला असतो. 'एन' वर्गाचे यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असते, 'एसटी' ३८ आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत. पत्र्याखालच्या किंवा गॅसशेजारच्या खोलीत मे महिन्यात 'टी' वर्गच हवा.

चौथी, खर्च. पट्टीवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, त्याला बाराने भागा. समजा आकडा ३६५ असेल तर महिन्याला तीस युनिट वाढतील. बेस्टच्या बिलात १००, ३०० व ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. आपले बिल सध्या २८० युनिटांचे असेल, तर या तीसपैकी दहा युनिट पुढच्या महागड्या टप्प्यात शिरतील. जुनी बिले समोर ठेवून हा हिशेब करावा.

चार-पाच माणसांच्या घराला शंभर लिटर पुष्कळ झाले. तीनशे लिटरची पेटी अर्धी रिकामी चालवणे म्हणजे रिकाम्या खोलीचे भाडे भरणे. आणि वर्षातून दोन-चार दिवसच गरज पडत असेल तर फ्रीझर न घेणे हाही शहाणपणाचा निर्णय आहे. वाटप वेळेवर झाले तर फ्रिजचा कप्पा अनेक घरांना पुरतो.

जिना, जागा आणि जोडणी

यंत्र मागवण्याआधी फूटपट्टी घेऊन जिना मोजा. जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्यांची वळणे अरुंद असतात. पायऱ्यांची रुंदी, वळणावरची जागा आणि खोलीचे दार, तिन्ही मापे दुकानदाराला द्या. वर नेताना यंत्र शक्यतो उभेच ठेवावे. आडवे करावे लागलेच तर उभे करून दिवसभर तसेच राहू द्यावे आणि मगच बटण दाबावे. आडवे होताना कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते, त्याला परत खाली उतरायला वेळ लागतो.

ठेवण्याची जागा सपाट, कोरडी, गॅस आणि उन्हापासून दूर असावी. आतली उष्णता बाहेर टाकणे हेच त्याचे काम, म्हणून चारी बाजूंनी वीतभर तरी मोकळी जागा सोडावी. बऱ्याच पेट्यांत उष्णता टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या आतून जातात. पत्रा गरम लागला तर घाबरू नये, पण त्याला खिळा किंवा स्क्रू कधी मारू नये. वर गाद्या-गोधड्या रचू नयेत. सामाईक गॅलरीत फ्रीझर ठेवण्याचा मोह टाळावा. आग लागली तर तीच सगळ्यांची पळण्याची वाट असते.

हिंदमाता, परळ भागात जोराच्या पावसात पाणी तुंबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या घरांनी यंत्र लोखंडी स्टँडवर किंवा विटांच्या पक्क्या चौथऱ्यावर ठेवावे आणि प्लगचा बोर्ड कमरेच्या वर घ्यावा. वरच्या मजल्यांवर जमीन लाकडी तुळयांची असेल, तर मोठी भरलेली पेटी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या टेकूजवळ ठेवावी.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी, एवढे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. जुन्या वायरिंगच्या खोलीत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते, पण खाली कुठे जोडलेलीच नसते. ते तपासून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीझर चालवू नये, तो गरम होऊन वितळतो. व्होल्टेज खालीवर होत असेल आणि यंत्रात तशी सोय नसेल तर स्टॅबिलायझर घ्यावा. फ्रीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असे लिहावे. मुले नाहीतर पाहुणे पंख्याचे बटण समजून तेच दाबतात.

आणि हे सर्व ईदच्या आदल्या रात्री करू नये. निदान आठवडाभर आधी यंत्र घरात यावे, म्हणजे काही दोष असेल तर बदलून घ्यायला वेळ मिळतो.

ईदच्या दिवशी

आदल्या दिवशी फ्रीझर सर्वांत थंड खुणेवर आणावा. जुने सामान एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूच्या भिंती मोकळ्या ठेवाव्यात.

गोश्त घरी आले की पहिले काम वजन आणि हिस्से. नुकत्याच झालेल्या कुर्बानीचे गोश्त कोमट असते. खोलीत ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर ते तासाभरात, एरवी दोन तासांत थंडाव्यात गेले पाहिजे. म्हणून वाटपाचे हिस्से आधी रवाना करावेत. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांच्याकडे सर्वांत आधी जावे, ज्यांच्याकडे आहे त्यांना थोडा उशीर झाला तरी चालतो. बंद डब्यात किंवा घट्ट पिशवीत न्यावे. जिन्यावर थेंब सांडू नयेत, विशेषतः शाकाहारी शेजाऱ्यांच्या दारासमोर. गणपतीत त्यांच्याकडचे मोदक आपल्याकडे येतात आणि ईदुल फित्रला आपला शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. हे नाते अशा छोट्या काळजीवर टिकते.

घरचा हिस्सा परातीत पातळ पसरून फ्रिजच्या खालच्या भागात रात्रभर ठेवावा. कुर्बानीनंतर काही तासांनी स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल होतात. त्याआधीच गोठवलेले गोश्त शिजवताना चिवट होते. धुतले असेल तर चाळणीत पाणी पूर्ण निथळू द्यावे, नाहीतर बर्फच साठवला जातो.

सकाळी पुड्या बांधाव्यात. एका वेळच्या हंडीला लागेल तेवढीच, अर्धा किलोची पुडी करावी. अन्नासाठीच्या जाड पिशवीत घालून तळहाताने सपाट दाबावी, इंचभर जाडीची, आतली हवा काढून. हवा राहिली तर पृष्ठभाग सुकून पांढरट चट्टे पडतात. ते अपायकारक नसतात, पण तिथली चव गेलेली असते. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई अन्नाला लागते. प्रत्येक पुडीवर तारीख आणि आत काय आहे ते लिहावे: चाप, खिमा, कलेजी, पाया. पुड्या पहिल्या दिवशी एकीवर एक न रचता भिंतीला टेकवून सुट्या ठेवाव्यात. पूर्ण गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात.

संध्याकाळी बाहेरून आलेले हिस्से कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. ते आधी शिजवावेत. आपले गोश्त गोठत असताना दोन दिवस घरात त्यांचेच जेवण व्हावे.

वर्षभराचा उपयोग

उणे १८ अंशांवर हाडासकट मोठे तुकडे सहा ते नऊ महिने चांगले राहतात. खिमा, कलेजी व गुरदे तीन-चार महिने, शिजवलेले सालन दोन-तीन महिने. याहून जुने गोश्त नीट गोठलेले असेल तर विषारी होत नाही, पण चव उतरते. म्हणून कलेजी आणि खिमा आधी संपवावा.

मासळीचे गणित आपल्या किनाऱ्याने ठरवून दिले आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मे अखेरीस आणलेला बांगडा साफ करून गोठवला तर दोन-तीन महिने, म्हणजे बंदीपुरता टिकतो. तेलकट मासा त्यापुढे खवट होतो. कोळंबी डोके व धागा काढून ठेवावी. ताजे बोंबील मात्र गोठवू नयेत. ते इतके पाणीदार असतात की सोडवल्यावर लगदा होतो. त्यांच्यासाठी वाळवण हीच जुनी युक्ती बरी.

खोवलेला नारळ, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, आमरस, मटार हे सगळे छान राहते. रमज़ानच्या आधी खिम्याचे समोसे भरून थाळीत सुटे गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. बटाट्याचे सालन, दही, काकडी, कवचासकट अंडी ठेवू नयेत. पायाचे किंवा निहारीचे गरम पातेले थेट आत ढकलू नये. उथळ डब्यांत वाटून, गार करून ठेवावे.

गोठलेले गोश्त आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावे. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि लगेच शिजवावे. ओट्यावर रात्रभर ठेवून सोडवणे धोक्याचे आहे. बाहेर सोडवलेले गोश्त पुन्हा कच्चे गोठवू नये. शिजवून ठेवले तर चालते.

वीज गेली तर

शहर बेटावर बेस्टची वीज सहसा जात नाही, पण जातच नाही असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड कोलमडले आणि सारी मुंबई थांबली होती. अशा वेळी पहिला नियम एकच, दार उघडू नये. भरलेला फ्रीझर बंद दाराआड सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, वर थोडी जागा सोडून. त्यांचा बर्फ अडचणीला उपयोगी पडतो.

मे महिन्यात आपली कितीतरी कुटुंबे रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडे गावी जातात. मागे एमसीबी पडून दोन-तीन दिवस वीज गेली आणि परत आली, तर सगळे वितळून पुन्हा गोठते आणि कळतही नाही. त्यावर उपाय फुकटचा आहे. एका कपात पाणी गोठवून वर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे बर्फावरच असेल तर सगळे ठीक. तळाशी बुडालेले असेल तर गोश्त टाकून द्यावे, मन कितीही हळहळले तरी. गोश्तात बर्फाचे कण शिल्लक असतील तेव्हाच ते पुन्हा गोठवता येते.

सांभाळणे

पावसाळ्यात प्रत्येक वेळी दार उघडताना दमट हवा आत शिरते आणि भिंतींवर बर्फ चढतो. हा थर पाव इंचाचा झाला की यंत्र जास्त वीज खाऊ लागते. तेव्हा बटण बंद करून प्लग काढावा, पुड्या बर्फाच्या बाटल्यांसह गोधडीत गुंडाळाव्यात आणि दार उघडे ठेवावे. आत गरम पाण्याचे पातेले ठेवले की काम लवकर होते. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नये. एक टोक नळीत घुसले तर सगळा गॅस निघून जातो. वितळलेले पाणी बादलीत घेऊन मोरीत ओतावे, गॅलरीत सोडू नये. मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून पुसावे, कोरडे करावे, तासभर चालवावे आणि पुड्या परत लावाव्यात. ईदच्या आठवडाभर आधी आणि पावसाळा संपल्यावर, वर्षातून दोनदा हे केले तरी पुष्कळ झाले.

दाराच्या रबराची परीक्षा कागदाने करावी. कागद दारात धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल आहे. साबणाच्या पाण्याने पुसून काळी बुरशी काढावी, तरीही सैल असेल तर बदलावे. मागची धूळ दोन-तीन महिन्यांतून ब्रशने झाडावी, प्लग काढूनच. उंदीर तारा कुरतडत नाहीत ना, तेही तेव्हाच पाहावे.

दरवर्षी 'गॅस संपला' म्हणून कुणी गॅस भरून जात असेल, तर समजावे की कुठेतरी गळती आहे. बंद नळ्यांतला गॅस आपोआप संपत नाही. आधी गळती दुरुस्त करायला सांगावी. मागच्या पट्टीवर 'आर ६००ए' लिहिलेले असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, त्याचे काम शिकलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दुसऱ्याचा हिस्सा, आपली अमानत

आता राहिलेली गोष्ट. ज्या घरी फ्रिज नाही, त्या घरी ईदच्या दिवशी चार-पाच दारांहून गोश्त येते. त्या दोन दिवसांत खाऊन संपत नाही, ठेवायला जागा नाही, आणि पंधरा दिवसांनी हंडी पुन्हा डाळीवर येते. आपल्याकडे फ्रीझर असेल तर त्यांना विचारता येईल, "तुमचा हिस्सा आज सगळा देऊ, की अर्धा आमच्याकडे ठेवू? लागेल तेव्हा घेऊन जा." निर्णय त्यांचा असावा. हिस्सा त्यांचा आहे आणि आजच हवा असेल तर आजच द्यावा. ठेवायला सांगितला, तर ती अमानत झाली. त्या पुड्यांवर तारखेबरोबर त्यांचे नाव लिहावे, एक कप्पा त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा आणि घरच्यांना सांगून ठेवावे की पाहुणे आले तरी या पुड्यांना हात लावायचा नाही.

हे करायचे तर आपल्या फ्रीझरमध्ये थोडी जागा रिकामी असायला हवी. म्हणून यंदा जुन्या पुड्या ईदआधीच संपवायला घ्या, आणि फ्रीझर पुसून झाला की एक कप्पा भरू नका.